बाळाचं ऐकणं तपासणारी माझी लेक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी नुकतीच पदवीधर झाली. पदवीचं नाव ‘बीएएसएलपी’. ऐकण्याचं आणि बोलण्याचं शास्त्र, म्हणजे ऑडिऑलॉजी आणि स्पीच थेरपी, या दोन्हींचा तो एकत्र अभ्यासक्रम आहे. चार वर्षांचा, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. आता ती नवजात बाळांची श्रवणतपासणी करणाऱ्या विभागात कामाला लागणार आहे आणि काही काळाने ऑडिऑलॉजीतच एमएससी करायचं तिने ठरवलं आहे. निकालाच्या दिवसांत वर्तमानपत्रात गुणवंत मुलांचे फोटो येतात, कोण कुठल्या शाखेला जाणार हे छापून येतं. मी ते दरवर्षी आवडीने वाचतो. माझ्या मुलीने निवडलेल्या क्षेत्राचं नाव मात्र त्या पानांवर मला क्वचितच दिसलं, म्हणून हे पत्र लिहायला बसलो. यात बापाचं कौतुक आहेच, ते मी लपवत नाही. पण त्यासोबत एक गोष्ट अशी आहे की जी प्रत्येक आईवडिलांच्या कानावर जायला हवी.

मुलगी काय शिकते म्हणून कुणी विचारलं आणि मी नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. “म्हणजे कानाची डॉक्टर का?” नाही. कान-नाक-घशाचे डॉक्टर कानाच्या आजारावर औषधोपचार करतात, लागली तर शस्त्रक्रिया करतात. माणसाला ऐकू किती येतं, कुठल्या पट्टीतलं येत नाही, दोष कानात आहे की कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत, हे मोजायचं आणि मग त्या माणसाला ऐकायला-बोलायला उभं करायचं, हे माझ्या मुलीचं काम. दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही. त्याच्या पुढचा प्रश्न असतो, “मेडिकलला नंबर लागला नाही वाटतं?” याचं उत्तर मी अगदी ठासून देतो. तिने हे कशाच्या बदल्यात घेतलेलं नाही. बारावीनंतर पहिल्या पसंतीला तिने हेच लिहिलं होतं.

त्याला थोडंफार कारण मी आहे. माझी सगळी नोकरी पॉवर प्रेसवर गेली. पत्र्यातून भाग कापणारी ती यंत्रं, एक ठोका पडला की पायाखालची फरशी हादरते, आणि तसे ठोके शिफ्टभर चालू. कानात घालायला बोळे मिळण्याची पद्धत आमच्या कारखान्यात फार उशिरा आली. निवृत्त होईपर्यंत घरातले सगळे माझ्याशी चढ्या आवाजात बोलायला लागले होते. मला मात्र वाटायचं की सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात. ती तेव्हा शाळेत होती. बाबांना आवाज येतो पण शब्द कळत नाही, हे असं कसं, हा प्रश्न तिने तेव्हापासून धरून ठेवला होता.

दुसऱ्या वर्षाला असताना तिने मला कॉलेजच्या तपासणी कक्षात नेलं. भिंतींना जाड अस्तर लावलेली छोटी खोली, जड दार, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला, कितीही बारीक असला, की बटण दाबायचं. काचेच्या पलीकडे ती आणि तिच्या मॅडम. नंतर तिने माझा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, समोर ठेवला. उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळी फुली. आडव्या बाजूला २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत पट्ट्या, उभ्या बाजूला डेसिबल, आणि रेघ जितकी खाली तितकं ऐकू कमी. माझी रेघ १००० पर्यंत बरी चालली होती. मग घसरत घसरत ४००० ला थेट खड्ड्यात, आणि ८००० ला परत थोडी वर. तिने त्या खड्ड्यावर पेन्सिल टेकवली आणि म्हणाली, “बाबा, हा तुमचा प्रेस.”

गोंगाटात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाच्या आलेखात ४००० च्या आसपास असा खड्डा हमखास सापडतो. मग तो कापडगिरणीतला असो, खाणीतला असो की बंदुका चालवणारा. स, श, फ, थ हे आवाज वरच्या पट्टीतले आणि मुळात हलके. स्वर खालच्या पट्टीतले आणि जोरकस. त्यामुळे माझ्यासारख्याला बोलणं ऐकू येतं, पण त्याच्या कडा येत नाहीत. कुणी ‘सात’ म्हणालं की मला नुसतं ‘आत’ ऐकू यायचं. कुणी ओरडून बोललं तर ‘आत’ मोठ्याने ऐकू यायचं, एवढाच फरक. घरातल्या चढ्या आवाजाचं कोडं इतक्या वर्षांनी पोरीने एका कागदावर सोडवून दाखवलं.

आतल्या कानात कॉक्लिया असतो, गोगलगायीच्या शंखासारखा अडीच वेढ्यांचा. त्यात केसपेशी असतात, एका कानात सुमारे १५ हजार. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी वरच्या पट्टीचे आवाज पकडतात, आत टोकाकडच्या खालच्या पट्टीचे. हंगेरीत जन्मलेल्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी आवाजाची लाट या शंखात कशी पुढे सरकते ते दाखवलं आणि १९६१ चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. त्या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, ही अनेक ठिकाणी धरली जाणारी मर्यादा, आणि त्यावर दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्म्याने कमी करायचा, असा हिशेब आहे. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. दिवसभर कानात हेडफोन खुपसून बसणाऱ्या मुलांच्या घरी हा हिशेब भिंतीवर लावावा असं मला फार वाटतं.

माझ्यापासून सुरुवात झाली तरी तिचं मन पुढे गेलं ते नवजात बाळांकडे. इथे मला जरा सविस्तर लिहू द्या.

दर हजार बाळांमागे एक ते तीन बाळं कायमचा श्रवणदोष घेऊन जन्माला येतात. पाहून ते कळत नाही. कर्णबधिर बाळ इतर बाळांसारखंच रडतं, हसतं, पहिल्या काही महिन्यांत इतरांसारखेच आवाजही काढतं. दार आपटलं की दचकतं, कारण हादरा त्याला जाणवतो. घरचे निर्धास्त राहतात. वर्ष उलटतं, दुसरं सुरू होतं, बाळ बोलत नाही, आणि घरातलं कुणीतरी मोठं माणूस म्हणतं, “त्याचा बापही उशिराच बोलायला लागला होता.” अशी दोन-अडीच वर्षं हातातून जातात. नेमक्या याच काळात मेंदू भाषा वेचत असतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत क्रिस्टीन योशिनागा-इतानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं की ज्या मुलांचा दोष सहा महिन्यांच्या आत सापडला आणि लगेच मदत सुरू झाली, त्यांची भाषा उशिरा सापडलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे राहिली. म्हणून जगभर एक नेम सांगितला जातो: एक, तीन, सहा. एका महिन्याच्या आत पहिली चाचणी, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत उपचाराला किंवा श्रवणयंत्राला सुरुवात.

पहिल्या चाचणीला या क्षेत्रातले लोक ‘ओएई’ म्हणतात. मला त्या चाचणीचं फार नवल वाटतं. निरोगी कान नुसता आवाज घेत नाही, तो स्वतःही अगदी क्षीण आवाज करतो. लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये हे दाखवलं आणि सुरुवातीला पुष्कळांचा त्यावर विश्वास बसला नव्हता. बाळाच्या कानात मऊ टोकाची छोटी नळी ठेवायची, बारीक टकटक सोडायची आणि कानाकडून उलट उत्तर येतं का ते यंत्राने ऐकायचं. बाळ शांत असेल तर काही मिनिटांत होतं, दुखत काहीच नाही. यंत्रावर ‘पास’ किंवा ‘रेफर’ असं येतं. ‘रेफर’ म्हणजे बहिरेपणा नव्हे. पहिल्या एक-दोन दिवसांत बाळाच्या कानात जन्माच्या वेळचा स्राव असतो, त्यानेही ‘रेफर’ येतं. त्याचा अर्थ एवढाच की पुन्हा तपासा. आणि ‘पुन्हा तपासा’ सांगितलेल्या बाळाला घेऊन लोक परत येतच नाहीत, हे तिच्या सगळ्या मॅडमचं मोठं दुःख आहे.

दुसरी चाचणी ‘बेरा’. ओएई कानापुरती बघते, ही पुढच्या नसेपर्यंत जाते. अपुऱ्या दिवसांची, अतिदक्षता विभागात राहिलेली, कावीळ फार वाढलेली बाळं असतील तर ओएईवर थांबून चालत नाही, बेरा करावीच लागते. कपाळावर आणि कानांमागे छोटे इलेक्ट्रोड, कानात टकटक, आणि पडद्यावर पहिल्या दहा मिलिसेकंदांत उमटणाऱ्या पाच लाटा. पाचवी लाट कुठल्या आवाजापर्यंत टिकते ते शोधायचं. बाळ गाढ झोपलेलं हवं, हललं की आलेख बिघडला. मग आईला सांगायचं, वाटेत झोपू देऊ नका, इथे आल्यावर पाजा. दिवे मंद करायचे, त्वचा हलक्या हाताने पुसून घ्यायची, इलेक्ट्रोड चिकटवायचे, आणि सगळं लावून झालं की बाळ डोळे उघडतं. पुन्हा पहिल्यापासून. माझी मुलगी लहानपणी पाच मिनिटं एका जागी बसत नसे. इंटर्नशिपमध्ये ती एकेका बाळापाशी तासन् तास थांबायला शिकली. तिची गुणपत्रिका मी जपून ठेवली आहे, पण मला जास्त अभिमान तिच्या या थांबण्याचा आहे.

त्याहून अवघड काम आईवडिलांना सांगण्याचं. तिच्या मॅडमनी शिकवलं होतं की असा निकाल उभ्या उभ्या, बाहेरच्या बाकांपाशी सांगायचा नाही. आत बसवायचं, शक्यतो दोघांना एकत्र, साध्या शब्दांत सांगायचं आणि मग गप्प राहायचं. ती घरी माझ्यावर सराव करायची. मी बाळाचा बाप व्हायचो. “तुमच्या बाळाच्या कानाकडून या आवाजापर्यंत प्रतिसाद दिसत नाही,” ती म्हणायची. मी विचारायचो, “बोलेल का? शाळेत जाईल का? आमचं काही चुकलं का?” शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ती सगळ्यात आधी द्यायची. नाही, तुमचं काही चुकलं नाही. जन्मजात श्रवणदोषात निम्म्याहून अधिक वेळा कारण जनुकांत असतं, तेही बहुतेकदा दोन्ही बाजूंकडून नकळत आलेलं. अमेरिकेतल्या पाहणीत तर असं दिसलं आहे की कर्णबधिर मुलांपैकी ९० टक्क्यांहून जास्त मुलांचे आईवडील उत्तम ऐकू येणारे असतात. प्रत्येक वेळी ती आधीच्यापेक्षा कमी शब्दांत सांगायची. नाटकातला बाप असूनही माझा गळा दाटून यायचा.

पुढचं काम यंत्र बसल्यावरचं. ज्यांना श्रवणयंत्र पुरत नाही त्यांच्यासाठी कॉक्लियर इम्प्लांट असतं, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं, कानाच्या नसेला थेट विजेचे संकेत देणारं उपकरण. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेअम क्लार्क यांनी १९७८ मध्ये अनेक इलेक्ट्रोडचं इम्प्लांट रुग्णाला बसवलं, तिथून हा मार्ग रुंद झाला. पण इम्प्लांट बसलं म्हणजे मूल बोलायला लागलं, असं होत नाही. रोजची मेहनत लागते. डॅनियल लिंग या तज्ज्ञांनी सुचवलेले सहा आवाज आहेत: आ, ई, ऊ, म, श, स. बोलण्याच्या सगळ्या पट्ट्या या सहांत येऊन जातात. थेरपिस्ट ओठ झाकून एकेक आवाज काढते, म्हणजे मूल ओठ वाचून उत्तर देणार नाही. आवाज ऐकला की मुलाने ठोकळा डब्यात टाकायचा. तिने हे माझ्यावरही करून पाहिलं. म ला ठोकळा पडला, आ, ऊ, ई ला पडला, श ला हात अडखळला, स ला ठोकळा हातातच. मग माझ्या कानाचं माप तिनेच घेतलं. आत दोरा बांधलेला कापसाचा छोटा बोळा, त्यावर सिलिकॉनचा लगदा, आणि तो घट्ट होईपर्यंत “बाबा, बोलायचं नाही.” यंत्र आल्यावर तिने पुन्हा ओठ झाकून ‘स’ म्हटलं आणि माझा ठोकळा डब्यात पडला.

याच ठिकाणी एक सांगतो. काही आईवडील खाणाखुणांच्या भाषेला घाबरतात. मूल हातवारे शिकलं तर बोलणार नाही, असं त्यांना वाटतं. माझी मुलगी सांकेतिक भाषा आवर्जून शिकली. विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्येच दाखवलं होतं की सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण असतं, ती पूर्ण भाषा आहे. तिचं म्हणणं असं की मुलाला भाषा मिळाली पाहिजे, कानातून मिळो की हातातून. कुठला मार्ग घ्यायचा ते घरच्यांनी ठरवावं, पण सगळे मार्ग त्यांना सांगणं हे आपलं काम. मला तिचं पटतं.

पदवीदान समारंभाला आम्ही दोघं गेलो होतो. मोठं सभागृह, उंच छत, स्पीकरचा आवाज भिंतींवरून परत येत होता. अशा घुमणाऱ्या जागी श्रवणयंत्रही कमी पडतं, ते बोलण्यासोबत घुमणंही मोठं करतं. नावं पुकारत होते आणि मला त्यातलं धड काही कळत नव्हतं. तिला हे ठाऊक होतं. तिने आदल्या दिवशीच मला कागदावर लिहून दिलं होतं, तिच्या आधी कुणाचा नंबर आणि ती मुलगी कुठल्या रंगाची साडी नेसणार आहे. त्या रंगाची साडी मंचावर दिसली आणि मी उभा राहिलो. टाळ्या मी सगळ्यांच्या आधी सुरू केल्या.

या क्षेत्रात पुढे काय, असं विचारणाऱ्या पालकांसाठी थोडं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात ४३ कोटींहून अधिक लोकांना श्रवणदोषासाठी पुनर्वसनाची गरज आहे, आणि २०५० पर्यंत दर चौघांत एकाला कमी-अधिक श्रवणदोष असेल. स्पीच थेरपीची बाजू वेगळीच. पक्षाघातानंतर वाचा गेलेले, तोतरं बोलणारे, गिळता न येणारे, स्वरयंत्र काढावं लागलेले रुग्ण. माझ्या मुलीच्या वर्गातल्या काहीजणी तिकडे वळल्या. रुग्णालयं, विशेष शाळा, इम्प्लांट करणारी पथकं, कारखान्यांतली कामगारांची श्रवणतपासणी, संशोधन, सगळीकडे माणसं लागतात. चाचणी न करता दुकानातून श्रवणयंत्र उचलून आणणारेही पुष्कळ दिसतात. ते यंत्र मग कपाटात पडून राहतं आणि दोष यंत्राला दिला जातो. तिथेही शिकलेला माणूस हवा.

आपल्या दैनिकाला माझी विनंती आहे की करिअरच्या पानावर एकदा या अभ्यासक्रमाबद्दल सविस्तर छापावं, शिकणाऱ्या मुलामुलींशी बोलून छापावं. बारावीच्या मुलांना दोन-चार वाटांपलीकडचं काही दिसलं तर त्यातली एखादी या वाटेने येईल. आणि ज्यांच्या घरी बाळ येणार आहे त्यांनी रुग्णालयातून घरी निघण्याआधी एवढंच विचारावं, बाळाच्या कानांची चाचणी झाली का, आणि नसेल तर कुठे होईल.

पत्र लांबलं आहे. जागेअभावी कापावं लागलं तर माझ्या प्रेसचा आणि समारंभाचा भाग खुशाल काढा. एक, तीन, सहा महिन्यांचा परिच्छेद मात्र कृपया जसाच्या तसा ठेवा.

आपला,
एका ऑडिऑलॉजिस्टचे वडील